चार मिनिटं दहा सेकंदांचा चहा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सोवेतबेकला आज पूर्ण सिनेमा दाखवला. एकशे अठरा मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला त्याने पहिल्यांदा खिशातून फोन काढला, चाळिसाव्याला दुसऱ्यांदा, आणि चहाचा सीन सुरू झाला तसा सरळ उठून बाहेर गेला. सात वर्षांनी एक सिनेमा हाताला लागला, तर प्रोड्यूसरची खुर्ची रिकामी.

दिवे लागल्यावर म्हणाला, "तुरात, माणूस झकास उभा केलायस. पण मी थ्रिलर मागितला होता, बाबा. तुझा ड्रायव्हर खून करणार की नाही हे कळायच्या आधी मला त्याचे गुडघे कुठल्या साली दुखायला लागले ते कळतं."

माझी एडिटर ल्युदा सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. एकवीस वर्षं आम्ही एकत्र काम करतोय, पण अशा वेळी ती माझी बाजू घेईल तर शपथ. म्हणाली, "भीती आहे हो त्यात. फक्त ती चहा प्यायला बसलीय."

वीस नोव्हेंबरपर्यंत सत्त्याण्णव मिनिटांचा करून द्यायचा. नाहीतर दुसरा एडिटर आणून तोच कापणार, आणि माझं नाव फक्त पाटीवर. करारात तसं आहे. मीच सही केलीय, वाचलं कोणी होतं.

ल्युदा म्हणते, गोंधळलास की गोष्ट चार ओळींत लिहून बघ. लिहितो.

दाट धुक्यात एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या गाडीखाली माणूस येतो. कुणी पाहिलेलं नसतं. मेलेल्याचा धाकटा भाऊ बिश्केकला. मरणाची बातमी आपल्यात फोनवर देत नाहीत. काहीतरी निमित्त काढून माणसाला घरी आणायचं, आणि मग वडीलधाऱ्यांनी सांगायचं. तर गाव त्या भावाला आणायला नेमकं याच ड्रायव्हरला पाठवतं. वाटेत म्हाताऱ्याला कळतं, मेलेल्याने शेवटी 'गाडी आली बघ' म्हणून याच गाडीचा फोटो भावाला पाठवलाय. पोराचा फोन बंद पडलाय म्हणून त्याने तो अजून पाहिलेला नाही. पुढे डोलोन खिंड आहे, खाली दरी आहे. म्हातारा पोराला घरी नेणार की खिंडीत ढकलणार?

चारच्या आठ ओळी झाल्या. हाच माझा रोग.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आताकेंचा फोन. वडिलांचा फोन एरवी दीड मिनिटाच्या वर जात नाही. आधी मेंढ्या, मग हवा, मग माझी पोरं, आणि शेवटी, "चहा आहे ना?"

"आहे, आताके."

"मग ठीक," म्हणाले आणि खोकत फोन ठेवला. गवताची धूळ लागलीय म्हणाले.

सिनेमातला ड्रायव्हर तेच आहेत. ज्या नटाला घेतलं होतं तो घाटाच्या पहिल्याच वळणावर ओकला आणि परत गेला. आताके एकतीस वर्षं त्याच रस्त्यावर ट्रक चालवत होते. म्हटलं, तुम्हीच बसा स्टिअरिंगवर, नाहीतरी तोंड कमीच उघडायचंय. कॅमेऱ्यासमोर ते असे वावरले की ल्युदा कच्चं फुटेज बघून दहा मिनिटं बिया खायची विसरली.

पण ऐकतील तर ना. ढाब्यावरच्या सीनमध्ये ड्रायव्हर आणि ते पोर चहा पितात. मी सांगितलं, रीतीप्रमाणे पियाल्यात घोटभरच ओता. तीन टेक घेतले, तिन्ही वेळा यांनी काठोकाठ भरला. "आताके, अर्धा." "बरं." पुन्हा काठोकाठ. ड्रायव्हर लोकांची सवय, घाईत असतात, भरून ओततात आणि पिऊन निघतात. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये मीच ओतलाय म्हणून पियाला अर्धा आहे, लांबच्यात भरलेला. जुळत नाही. एवढ्या एका हट्टामुळे तो सीन कुठे मधेच कापताही येत नाही. ठेवायचा तर अख्खा ठेवायचा, चार मिनिटं दहा सेकंद, नाहीतर अख्खा काढायचा.

२० ऑक्टोबर, सोमवार

सोवेतबेककडे मुदत वाढवून मागायला गेलो. अर्धं वाक्य झालं नव्हतं तर त्याच्या सेक्रेटरीबाईने माझा पियाला काठोकाठ भरला. गोड हसून. मी टोपी उचलली आणि निघालो. पाहुणा बसायला हवा असेल तर घोटभर ओततात, संपला की आणखी घोटभर. काठोकाठ भरला म्हणजे पी आणि ऊठ. हे शेंबड्या पोरालाही कळतं. जाता जाता तिच्याकडे बघून म्हणालो, "चहा छान होता, मी प्यायलो नाही तरी."

मुदत मिळाली नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन सिनेमे झालेत माझे. एक ब्याण्णव मिनिटांचा, नुसता धावतोय. अपघात पहिल्याच मिनिटाला, फोन, फोटो, खिंड, दरी. दुसरा एकशे दहाचा, त्यात माणूस आहे, त्याची मेलेली बायको आहे, गुडघे आहेत.

बेगिमायला दोन्ही दाखवले. बायको असल्यामुळे ती पैसे घेऊन खोटं बोलत नाही, फुकटही बोलत नाही. दुसरा बघताना झोपली. पहिला पूर्ण बघितला, एकदा माझा दंडही धरला. मी खूश. मग म्हणाली, "मस्त पळतोय. पण म्हातारा दरीत पडला असता तरी मला काही वाटलं नसतं. आणि तो माझा सख्खा सासरा आहे."

दिवसभर ते एकच वाक्य डोक्यात. माणूस पाहायला थांबावं तर भीती थंड होते. भीतीच्या मागे पळावं तर माणूस रस्त्यात राहतो. ल्युदाला म्हणालो, इकडे आड तिकडे विहीर. ती म्हणाली, "मग उडी तरी मार. काठावर बसून चाळीस दिवस झाले."

मला भीती वाटतेय की मला हे जमत नाही. सात वर्षं लोकांना सांगत आलो की संधी मिळत नव्हती. संधी मिळाली, आता काय सांगू?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

जोल्दोश बाइकेचा फोन. मोठा भाऊ फोन करतो तो फक्त लग्न असलं की. म्हणाला, आताकेंना नारीनच्या दवाखान्यात ठेवलंय. फुफ्फुसात पाणी.

"निघू का मी?"

"येऊन काय करणार? पाणी तू उपसणार आहेस? ते म्हणतात, पोराला काम संपवू दे. रोज विचारतात, झाला का, झाला का."

"बरे होतील ना, बाइके?"

"वय झालंय," म्हणाला. मग म्हणाला, "तू काम कर."

ही वही खोटं लिहायला घेतली नाही म्हणून लिहितो. फोन ठेवल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. कामाचे चार दिवस जाणार नाहीत, हे पहिलं मनात आलं.

२ नोव्हेंबर, रविवार

आताके स्वतः फोनवर. आवाज खोल गेलाय, पण बोलले दोन मिनिटं.

"चहा आहे ना?"

"आहे हो. किती वेळा विचाराल?"

"भरलेला दिसतो ना?"

"तेवढाच दिसतो, आताके. तुमच्या त्या पियाल्याने माझा जीव खाल्लाय."

हसले. हसण्यातून खोकला निघाला, आणि तो थांबेपर्यंत मी फोन कानाला लावून बसलो. मग म्हणाले, "तुझ्या आईला अजून सांगितलं नाही मी काय केलंय ते. म्हटलं, एकदम पडद्यावरच बघेल." अपाला सिनेमातलं काय कळणार? पण आताकेंना कौतुक.

९ नोव्हेंबर, रविवार

चहा काढला.

एकशे एक मिनिटावर अडलो होतो. काहीही काढलं तरी कुठेतरी फाटायचं. ल्युदाने विचारलं, "काढू?" मी खिडकीकडे बघत म्हणालो, काढ. एक बटण. सिनेमा सत्त्याण्णवच्या खाली आला. ढाब्यापाशी गाडी थांबते, आणि पुढच्या शॉटमध्ये खिंड. पळतो बेटा.

ल्युदा म्हणाली, "जपून ठेवलाय बाजूला." मी म्हणालो, कशाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सोवेतबेकने पाहिला. फोन एकदाही काढला नाही. "आता झाला थ्रिलर," म्हणाला. माझ्या पाठीत धपका घातला. मला काही वाटलं नाही. उपाशी माणसाने ढेकर द्यावी तसं हसलो.

दुपारी बाइकेने फोन आताकेंच्या कानाला लावून दिला. आता घरी आणलंय त्यांना. बराच वेळ नुसता श्वास. मग, "चहा?"

"आहे," मी म्हणालो. "सगळा आहे, आताके."

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

आज जग बदललंय. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी सोवेतबेकचा स्वतःहून फोन. "वीस तारीख विसर. हवा तेवढा वेळ घे. डिसेंबर म्हण, जानेवारी म्हण." हा तोच सोवेतबेक! मी म्हणालो, चार मिनिटं परत घालावीशी वाटली तर? "घाल ना, तुझा सिनेमा आहे." आणि थोडं थांबून, "स्वतःला जप, तुरात."

स्टुडिओत गेलो, तर फाटकावरचा पहारेकरी, जो गाडी लावण्यावरून रोज माझं रक्त आटवतो, त्याने टोपी काढली. ल्युदाने रविवारी बाजूला ठेवलेला चहा एका ड्राइव्हवर घालून हातात दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, "एवढा आवडला का?" ती म्हणाली, "खूप चांगलं काम केलंस," आणि बिया आणायला म्हणून बाहेर गेली. बियांची पिशवी टेबलावरच होती.

शेवटी कळला त्यांना माझा सिनेमा. सात वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

घरी आलो तर बाइके हजर. ट्रॅक्टरचा पट्टा घ्यायला आलाय म्हणे. गावाहून सकाळी दहाला इथे पोचायचं म्हणजे पहाटेच्या आधी निघाला असणार, एवढी काय घाई त्या पट्ट्याची. म्हणाला, "चल, आताकेंना भेटून ये. बरं वाटतंय त्यांना. तुझी आठवण काढतात." मी नाही तरी जाणारच होतो. लॅपटॉप घेतलाय, आताकेंना सिनेमा दाखवणार. आता मुदतीचा प्रश्न नाही, वाटेत चहा परत जोडतो. काल बोललो ते आज खरं करता येईल.

बेगिमाय पण येतेय. गावाला जायचं म्हटलं की एरवी तिच्या कपाळावर आठ्या. आज पोरांना बहिणीकडे सोडून आली, सामान भरलं, माझा काळा कोट इस्त्री केला. सर्दीने डोळे लाल झालेत. म्हटलं, राहा घरी. नाही म्हणाली.

१२ नोव्हेंबर, कोचकोर, ढाबा, दुपार

अर्धा रस्ता झाला. इथेच आम्ही तो सीन केला होता, हेच टेबल. बेगिमाय गाडीत पडून आहे, डोकं दुखतंय म्हणते.

बाइकेने माझ्यासाठी कुउरदाक मागवला, त्यातलं चांगलं मांस माझ्याकडे सरकवलं. लहानपणी याने माझ्या ताटातलं पळवलंय. त्याने स्वतः काही खाल्लं नाही. मी लॅपटॉप उघडून चहा जोडत बसलोय, तो समोर किटली घेऊन.

जुळत नाहीच. लांबचा शॉट, आताके पियाला उचलतात, ओततात. काठ येतो. थांबत नाहीत. चहा काठाच्या वर फुगून उभा राहतो, सांडत नाही एवढंच. मग दोन्ही हातांनी तो पोरापुढे ठेवतात आणि त्याच्या तोंडाकडे बघतात. शहरात वाढलेलं पोर. घटाघट पितं आणि पियाला पुढे करतं, अजून. आताके परत काठोकाठ भरतात. परत बघतात.

मी तेवढंच चार वेळा पाहिलं. बाइकेने तेवढ्यात मला घोटभर ओतला. मी प्यायलो. पुन्हा घोटभर. आणि पुन्हा. हा सातवा. हा माणूस ढाब्यावर कधी दहा मिनिटं बसला नाही, किटली उचलून भरून ओततो, पितो, चावी उचलतो. अगदी आताकेंसारखा. आज घोट घोट ओततोय. दर घोटाला किटलीकडे बघतो, किती उरलाय.

आताके ऊठ म्हणत होते.

त्या पोराला. ऊठ, माझ्या गाडीत बसू नकोस, दुसरी गाडी पकड, पुढे खिंड आहे आणि माझा माझ्यावर भरवसा नाही. तोंडाने सांगता येत नाही म्हणून चहाने सांगत होते. तीन टेक. मी समोर उभा राहून ओरडत होतो, अर्धा, आताके, अर्धा. सोवेतबेकच्या बाईने भरला तेव्हा मला एका क्षणात कळलं, आणि माझ्या बापाने भरला तो मला ड्रायव्हरची सवय वाटली. तो माणूस आणि ती भीती, दोन्ही त्या एका पियाल्यात होतं. मी कापून टाकलं.

आणि बाइके बस म्हणतोय. अजून थोडं बस. इथून उठलो की घर येतं.

पट्टा कुठाय? गाडीत पट्टा नाही. तो कुठल्या दुकानात गेलाच नाही. सोवेतबेक. पहारेकरी. ल्युदाची पिशवी टेबलावर होती. काळा कोट.

हे मी लिहिलेलं आहे. ही माझीच गोष्ट आहे. प्रवाशाला काहीच कसं कळत नाही, एवढा कसा येडा, असं सोवेतबेकने विचारलं होतं.

विचारावं का बाइकेला? विचारलं तर त्याला खोटं बोलावं लागेल, नाहीतर इथे ढाब्यावर सांगावं लागेल. वडीलधारे दारात वाट बघत असतील, तिथपर्यंत मला न्यायचं काम त्याच्यावर टाकलंय. बाप त्याचाही गेलाय, आणि पहाटेपासून तो हसून बोलतोय माझ्याशी. अजून रडलासुद्धा नसेल. मी विचारणार नाही.

काल मी म्हणालो, सगळा आहे.

थोड्या वेळाने

किटली मी घेतली. "अरे, मी ओततो ना," बाइके म्हणाला. मी त्याचा पियाला ओढला आणि भरला. काठापर्यंत. आताकेंसारखा जमला नाही, टेबलावर सांडला. दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला.

"पी बाइके, आणि निघू या."

तो पियाल्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी बघू दिलं. त्याने तो एका दमात संपवला, गरम होता तरी, आणि उठून बाहेर हौदावर गेला. तोंड धुतोय. कधीचा धुतोय. खांदे हलताहेत. मी इथूनच बघतोय. तो आला की निघू.

२३ डिसेंबर, मंगळवार, गाव

चाळिसावा दिवस झाला. पाहुणे गेले, अंगणात आताकेंसाठी उभारलेली युर्त, तो लोकरीचा तंबू, कधीच उतरवली. इतके दिवस वही उघडली नाही. पोचलो त्या दिवशीचं लिहायचं नाही, सगळ्यांनी ऐकलंय मी कसा रडलो ते.

आज अपाच म्हणाली, "त्याने काय केलंय म्हणे तुझ्या सिनेमात, ते दाखव." बाइकेच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. शंभर मिनिटांचा आहे आता. पहिल्या मिनिटाचा अपघात मी काढून टाकलाय. सोवेतबेक ओरडेल, लोकांना आधी सांगायला नको का म्हाताऱ्याने काय केलंय ते? ओरडू दे. अजून सही त्याची व्हायची आहे. दुसऱ्या कुणाला कापायला दिला तर दिला, मी भांडणार आहे.

अपा काळी ओढणी घेऊन पुढ्यातच बसली. तिला गोष्ट सांगितलेली नाही. अपघात नाही, काही नाही. नुसता एक ड्रायव्हर, एक पोर, आणि रस्ता. नवरा दिसला की तिचे ओठ हलायचे, एवढंच. बाइके दाराशी उभा.

ढाबा आला. आताकेंनी किटली उचलली. ओतू लागले. काठ आला, तरी थांबले नाहीत.

अपाचं हलणं बंद झालं. पडद्यावर पोराने पियाला घटाघट संपवला आणि हसून पुढे केला. आताकेंनी दुसरा भरला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"ऊठ," अपा म्हणाली. मला नाही, पडद्याला. मग गुडघ्यावर पुढे सरकली आणि तिने पोराच्या तोंडापाशी, काचेवर, हात आपटला. "अरे ऊठ ना, बाळा. सांगतोय ना तो तुला. ऊठ."

पोर चहा पीत होतं. अजून तीन मिनिटं बाकी होती.